संगणकातून घडवलेला स्विच

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि त्यासोबत पुष्कळदा इंटरनेटही जातं. पण अशा दिवशीही एकाच इमारतीतले संगणक एकमेकांशी बोलू शकतात. शाळेतल्या एका संगणकावर साठवलेले धडे संगणक-कक्षातल्या बाकीच्या पडद्यांवर उघडतात, दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर भरलेला केसपेपर डॉक्टरांच्या खोलीत दिसतो. त्याला इंटरनेट लागत नाही, स्विच लागतो. आपल्या जंगलपट्ट्यात मोबाईल टॉवर आणि ऑप्टिकल फायबर यांची चर्चा सतत होते आणि ती रास्तही आहे. या चपट्या पेटीकडे मात्र कुणी बघत नाही. ती संगणकातून स्वतः घडवता येते, हे तर फारच थोड्यांना माहीत असतं.

प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यातच ४८ बिटांचा पत्ता मिळालेला असतो. स्विचच्या एखाद्या पोर्टवर पॅकेट आलं की तो आधी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि हा पत्ता अमुक पोर्टच्या बाजूला आहे अशी नोंद करून ठेवतो. मग घेणाऱ्याचा पत्ता त्याच तक्त्यात शोधतो. सापडला तर पॅकेट फक्त त्या पोर्टवर जातं, नाही सापडला तर आलेलं पोर्ट सोडून बाकी सगळीकडे. स्विचच्या आधीच्या हब या पेटीत एकाचं बोलणं सगळ्यांच्या कानी पडायचं आणि एका वेळी एकालाच बोलता यायचं. १९९० मध्ये अमेरिकेत सात पोर्टचा पहिला इथरनेट स्विच बाजारात आला आणि ती अडचण सुटली. तो आणणाऱ्या कंपनीचं नाव होतं कल्पना. संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज यांनी पत्नीचं नाव कंपनीला दिलं होतं. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली.

नोंद ठेवायची, शोधायची, पुढे ढकलायची. एवढंच काम असेल तर ते कुठलाही संगणक करू शकतो. जुना डेस्कटॉप, त्यात चार पोर्टचं एक नेटवर्क कार्ड आणि लिनक्स. ब्रिजची, म्हणजे पोर्टं स्विचसारखी जोडण्याची, सोय लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. चार-पाच आज्ञांत सगळी पोर्टं एकत्र बांधली जातात आणि संगणक स्विच होतो. एक काळजी मात्र घ्यावी. दोन स्विच चुकून दोन केबलींनी जोडले गेले तर सगळ्यांसाठी पाठवलेलं एक पॅकेट गोल-गोल फिरत वाढत जातं आणि अख्खं जाळं ठप्प होतं. यावरचा स्पॅनिंग ट्री हा उपाय रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधला. ब्रिजमध्ये तो हाताने चालू करावा लागतो.

खरी परीक्षा वेगाची. संगणकात कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणारा जुना पीसीआय मार्ग सेकंदाला १३३ मेगाबाइट वाहतो, म्हणजे साधारण एक गिगाबिट, आणि तोही सगळ्या कार्डांत मिळून. शिवाय प्रत्येक पॅकेट त्यावरून दोनदा जातं, एकदा आत येताना आणि एकदा बाहेर पडताना. म्हणून कार्ड पीसीआय एक्सप्रेसचंच हवं. पुढचा अडथळा प्रोसेसरचा. १० गिगाबिटच्या एका केबलवरून सगळ्यात लहान पॅकेटं आली तर सेकंदाला १ कोटी ४८ लाखांहून जास्त येतात. एका पॅकेटच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे हे जेमतेम २०० ठोके, आणि मुख्य मेमरीत एकदा डोकावून यायलाच जवळपास तेवढा वेळ जातो! त्यात प्रत्येक पॅकेटमागे कार्डाने प्रोसेसरला हाक मारली तर प्रोसेसर हाकांना ओ देण्यातच दमतो. यावर तोड निघाली ती अशी की हाकेची वाट बघायचीच नाही. प्रोसेसरने स्वतः फेरी मारून पॅकेटं घाऊक उचलायची आणि ऑपरेटिंग सिस्टिमचे मधले टप्पे गाळायचे. इटलीतल्या पिसा विद्यापीठाचे लुइजी रिझो यांनी नेटमॅप या आपल्या रचनेत अवघ्या ९०० मेगाहर्ट्झच्या एका कोअरवर १० गिगाबिटची पूर्ण गती गाठून दाखवली. यंत्र तेच, फक्त काम करण्याची रीत बदलली. मला या सगळ्या विद्येतला हा सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

संगणक एकमेकांना जोडण्याची ही विद्या महाराष्ट्रात फार मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहे. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला आढेवेढे घेतले, त्यानंतर १९८८ मध्ये महासंगणक घडवण्यासाठी पुण्यात सी-डॅक उभं राहिलं. त्याचे पहिले प्रमुख विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, नागपूरला इंजिनिअरिंग शिकलेले. १९९१ च्या परम ८००० या सी-डॅकच्या महासंगणकात इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर हे प्रोसेसर होते. प्रत्येकाला चार जोडण्या, आणि दूरच्या सोबत्याचा निरोप मधल्यांनी पुढे पोचवायचा. म्हणजे संगणक आणि स्विच हे काम अजून पुरतं वेगळं झालेलं नव्हतं. पुढे ते वेगळं झालं तेव्हा सी-डॅकने परमनेट नावाचं स्वतःचं जाळं घडवलं. २००३ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या परम पद्ममध्ये प्रोसेसर आयबीएमचे होते, पण त्यांना जोडणारं परमनेट-२ सी-डॅकचं होतं, वेग २.५ गिगाबिट. २००८ च्या परम युवात प्रोसेसर इंटेलचे आणि परमनेट-३ चा वेग १० गिगाबिट. प्रोसेसर परके म्हणून या यंत्रांना कमी लेखणारे आजही भेटतात. त्यांचं मला पटत नाही. शेकडो प्रोसेसर एकमेकांची वाट बघत बसले तर महासंगणक नावालाच उरतो. त्यांना एकजुटीने कामाला लावणारी जोडणी आपल्या माणसांनी रचली, हे छोटं काम नाही.

आता आपल्याकडचा हिशोब. जुना डेस्कटॉप ६० वॅट धरला तरी चोवीस तास चालवून वर्षाला ५०० हून जास्त युनिट खातो. दुकानात दीड-दोन हजारांत मिळणारा आठ पोर्टचा गिगाबिट स्विच पाचेक वॅटवर भागवतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा धुळीने भरलेला पंखा आणि जुना एसएमपीएस किती टिकणार? तयार स्विचमधली चिप सगळ्या पोर्टांचं काम एकाच वेळी करते, प्रोसेसरला ते तसं साधत नाही. त्यामुळे एटापल्लीच्या दवाखान्यात किंवा कोरचीच्या शाळेत रोजच्या वापराला तयार स्विचच बसवावा, यात मला शंका नाही.

घडवलेल्या स्विचची जागा प्रयोगशाळेत आहे. त्याच्या आत बघता येतं. पत्त्यांचा तक्ता भरताना दिसतो, पॅकेट कुठे गळलं ते मोजता येतं, मुद्दाम फेरा करून जाळं पाडता येतं आणि पुन्हा उठवता येतं. बंद पेटी यातलं काहीच दाखवत नाही. दुर्गम तालुक्यात नेटवर्क बिघडलं की दुरुस्तीचा माणूस यायला दिवस जातात, आणि आला तरी बहुधा पेटी बदलून जातो. बिघाड कुठे आहे हे ओळखणारी मुलं इथेच तयार व्हायला हवीत.

म्हणून चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या आणि गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरातल्या शिक्षकांना विनंती आहे: भंगारात निघालेले संगणक विकण्याआधी त्यातले दोन बाजूला ठेवा, चार पोर्टचं एकेक कार्ड घेऊन द्या, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्या संगणकांचे स्विच करायला सांगा.