‘देवाचं दान’ म्हणजे नेमकं काय? जालन्याच्या बेथेलमधून समजून घेऊया

जालना : नाताळ आला की ख्रिस्ती बांधवांच्या बोलण्यात ‘देवाचं दान’, ‘कृपा’ हे शब्द कानावर येतात. दान म्हटलं की आपल्याला धान्य, पैसा, अन्नदान आठवतं. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र याचा अर्थ थोडा वेगळा आहे.

मजुरी आणि दान

दिवसभर कापूस वेचला की संध्याकाळी किलोच्या हिशोबाने पैसे मिळतात. ती मजुरी, आपल्या हक्काची. दान कमवता येत नाही, ते फक्त घेता येतं. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात हाच फरक सांगितलाय. पापाची मजुरी मरण, पण सार्वकालिक जीवन हे देवाचं कृपादान. माणसाने पुण्य साठवून ते विकत घ्यायचं नसतं, विश्वासाने स्वीकारायचं असतं.

कोणती दानं?

पहिलं म्हणजे जीवन आणि सृष्टी. देव चांगल्या-वाईट दोघांच्याही शेतावर पाऊस पाडतो, असं येशूने सांगितलं. पावसाची वाट बघणाऱ्या आपल्या भागाला हे वेगळं समजवायला नको. दुसरं आणि सगळ्यात मोठं दान म्हणजे स्वतः येशू ख्रिस्त. नाताळ त्याच्याच जन्माचा सण. तिसरं पवित्र आत्मा. शिकवणं, सेवा करणं, आजाऱ्याला बरं करणं अशी वेगवेगळी कृपादानं आत्मा देतो, आणि ती मिरवायला नाही तर सगळ्यांच्या भल्यासाठी असतात, असं करिंथकरांस पहिल्या पत्रात म्हटलंय.

जालन्याशी संबंध काय?

नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले. 1843 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दान मोफत होतं, पण ते घेतल्याची किंमत मोठी होती. जात गेली, घर तुटलं. धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. मग त्याला परत जातीत घ्यायचं की नाही, यावरून मोठा वाद पेटला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्यावं या बाजूने उभे राहिले.

पुढे 1860च्या दशकात शेषाद्रींनी स्कॉटिश मिशनतर्फे जालन्यात काम सुरू केलं. तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होतं, इंग्रजांची छावणीही इथे होती. दिवाण सर सालारजंग यांच्या काळात निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. तिथे आलेल्यांत मातंग समाजातले लोक मोठ्या संख्येने होते. 1873 साली शेषाद्री न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेलाही जाऊन आले.

ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं, प्रत्येक भाकरीसाठी ज्यांना गावकीची कामं करावी लागत, त्यांना कुणीतरी सांगत होतं, देव तुझी लायकी बघून देत नाही. ‘कृपा’ या शब्दाचं वजन इथे कळतं. शिवाय सांगणारा माणूस जातीने ब्राह्मण, आणि त्यांच्यासोबत राहणारा.

आज प्रश्न कुठे येतो?

‘फुकट देतात म्हणजे काहीतरी हेतू असणार’, असं गावात बोललं जातं. धर्म आणि मदत यावरून वादही होतात. इथे ख्रिस्ती शिकवणीचंच माप लावून बघा. देणाऱ्याने बदल्यात काही मागितलं, तर तो सौदा झाला, कृपा नाही. येशूने शिष्यांना हेच बजावलं होतं : तुम्हाला फुकट मिळालं, तुम्हीही फुकट द्या.

मग घेणाऱ्याने काहीच करायचं नाही का? करायचं. पण ती परतफेड नसते, उपकारस्तुती असते. म्हणून अनेक मराठी मंडळींत हंगाम झाला की ज्वारीची कणसं, भाजीपाला, फळं, घरचं जे असेल ते चर्चमध्ये आणून ठेवतात. शेतातला पहिला वाटा देवाला, ही रीत आपल्यापैकी कुणाला नवीन आहे?