नडगीचं कवच: पट्टा आवळून माप बसत नाही

शिवजयंतीचे देखावे आणि मर्दानी खेळ दिग्रससारख्या तालुक्याच्या गावाला नवे नाहीत. अलीकडे मोबाइलवर युरोपातल्या मध्ययुगीन लढायांचे खेळ पाहून तसं चिलखत घालून खरोखर भिडायची हौसही अनेकांना वाटू लागली आहे. या हौसेसोबत एक सल्ला हमखास येतो: ‘नडगीचं कवच कुठल्याही मापाचं घ्या, थोडं मोठंच घ्या, पट्टे आवळले की बसतं. मापाचं हवं असेल तर लाखभर रुपये मोजा.’ यातली दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, पण पहिलं जास्त घातक. पैसे वाया गेले तर परत कमावता येतात. घोट्यावरची शीर किंवा नडगीचं हाड दुखावलं तर खेळच सुटतो.

गुडघ्याखालचा पाय म्हणजे सरळ नळकांडं नव्हे. समोर नडगीच्या धारेवर स्नायू नाहीत, कातडीखाली थेट हाड आहे. मागे पोटरीचा फुगवटा वरच्या बाजूला आहे, त्यातही आतल्या बाजूचा फुगवटा बाहेरच्यापेक्षा थोडा खाली उतरतो. तिथून पाय निमुळता होत घोट्याच्या वर सर्वांत बारीक होतो. चांगलं कवच या निमुळत्या भागाला धरून उभं राहतं. त्याच्या खाली घोट्याच्या हाडांशी पाय पुन्हा रुंदावतो, म्हणून ते खाली घसरत नाही. मोठ्या मापाचं कवच आवळलं तर पत्र्याचा आकार बदलत नाही, फक्त पट्टा पोटरीत रुततो. पाऊल टाकताना पोटरीचा स्नायू फुगतो, रुतलेला पट्टा त्याला अडवतो, पाय आखडतो. मग खेळणारा पट्टा सैल करतो आणि कवच घसरून त्याची खालची कडा पावलाच्या वरच्या बाजूला, नेमकी शिरांवर टेकते. अशा वेळी घाव बसला की हललेला पत्राच कडेने पाय कापतो. नाडी आवळली म्हणून मोठा बूट पायाचा होत नाही, एवढीच ही गोष्ट आहे. तरी लोक ती पुनःपुन्हा नाकारतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘मग पत्रा जाड घ्या.’ हिशेब करून पाहा. नडगीच्या समोरच्या अर्ध्या कवचाला साधारण 36 सेंटीमीटर उंच आणि 20 सेंटीमीटर रुंद पत्रा लागतो. 1.2 मिलीमीटर जाडीला त्याचं वजन सुमारे 680 ग्रॅम भरतं, 2 मिलीमीटरला 1,130 ग्रॅम. फरक अर्ध्या किलोच्या आतला वाटतो, पण तो पायावर आहे आणि प्रत्येक पावलाला उचलायचा आहे. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पूर्ण चिलखत घातलेल्यांना ट्रेडमिलवर चालवलं. चिलखताशिवाय चालताना लागते त्याच्या दुपटीहून अधिक ऊर्जा त्यांना लागली, कारण त्या वजनाचा मोठा वाटा हातापायांवर होता. पाठीवरचं ओझं इतकं महाग पडत नाही. म्हणून जाडी आधी नव्हे, शेवटी ठरवायची, तीही आयोजकांचे नियम वाचून. धक्का नुसता पत्रा खात नाही. तो पत्रा, त्याखालचं रजईसारखं शिवलेलं कापड आणि नडगीच्या धारेसमोर सोडलेली पोकळी मिळून खातात. ती पोकळी मिळते मापाच्या घडणीतून, नुसत्या जाडीतून नाही.

‘आपले मावळे पायाला काही बांधत नव्हते, मग आपल्याला कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे, पण तो उलट बाजूने लागू पडतो. प्रतापगडाच्या पायथ्याशी 1659 साली शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्याला जिरेटोप घातला होता. संरक्षणाचं मोल ठाऊक होतंच. पण घाट चढणाऱ्याच्या पायावर वजन नको, हाही हिशेब होता. सपाट मैदानावर समोरासमोर उभं राहून घाव घेणाऱ्याचा हिशेब वेगळा. स्वीडनमधल्या विस्बी इथे 1361 च्या लढाईतल्या सामूहिक कबरींतून 1,100 हून अधिक माणसांचे सांगाडे मिळाले. त्यांच्या हाडांवरच्या वारांच्या खुणांत नडगीवरच्या खुणा ठळकपणे जास्त आहेत. उघडा पाय दिसला की शत्रू तिथेच मारतो.

आता पैशांचं. लोखंडी पत्रा किलोवर मिळतो आणि जोडीला तो दोन-तीन किलोंहून जास्त लागत नाही. खर्च होतो तो सपाट पत्रा ठोकून पोटरीचा गोल काढणाऱ्या कारागिराच्या तासांचा. हे तास वाचवणारी रीत जुनीच आहे: लांब, अरुंद लोखंडी पट्ट्या चामड्यावर किंवा जाड कापडावर शेजारीशेजारी रिव्हेट करायच्या. चौदाव्या शतकातल्या युरोपात आणि जपानमध्येही अशी कवचं होती. पट्ट्यांमधली फट पायाबरोबर वळते, त्यामुळे अवघड गोलाई ठोकावी लागत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि ग्रिल-गेट बनवणाऱ्या फॅब्रिकेशनच्या दुकानात हे काम सहज होतं, फक्त प्रत्येक कड कानशीने घासून गोल करून घ्यायची. आयोजकांच्या नियमांत बसत असेल, तर सुरुवातीला समोरचं अर्धं कवच आणि मागे जाड शिवलेलं कापड पुरतं. तयारच हवं असेल तर परदेशातून मागवण्याआधी हे लक्षात घ्या की जगभरचे हौशी जी चिलखतं विकत घेतात त्यांतली बरीच डेहराडूनमध्ये बनतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘भारतात पायाचं कवच नव्हतंच’: आइन-ए-अकबरीच्या शस्त्रयादीत पायाचं लोखंडी कवच आणि लोखंडी मोजे आहेत. ‘गेजचा आकडा मोठा म्हणजे पत्रा जाड’: उलट आहे, 18 गेज 16 पेक्षा पातळ असतो. ‘कूलरचा पत्रा चालतो’: तो फारच पातळ असतो, शिवाय त्यावर जस्ताचा थर असतो आणि तो वेल्डिंगला तापवला की निघणाऱ्या धुराने ताप येतो. ‘क्रिकेटचे पॅड पुरतात’: ते चेंडूसाठी बनवलेले आहेत, लोखंडी धारेसाठी नाहीत. ‘एका पायाचं माप पुरे’: दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात.

दुकानात जाण्याआधी संध्याकाळी, पाय दिवसभर वापरून किंचित सुजलेले असताना, उभं राहून माप घ्या. आतलं कापड आणि बूट घालूनच घ्या. गुडघ्याखाली, पोटरीच्या सर्वांत जाड जागी आणि घोट्याच्या वर असे तीन घेर, आणि प्रत्येकाची जमिनीपासूनची उंची, दोन्ही पायांची वेगवेगळी. मग पुठ्ठ्याचा नमुना कापून बांधा, उकिडवे बसा, जिना चढा. वरची कडा गुडघ्यात आणि खालची पावलात खुपत नसेल, तरच पत्रा कापायला सांगा. पुठ्ठा चुकला तर दहा रुपयांचं नुकसान, पत्रा चुकला तर पुन्हा तेच पट्टे आवळणं नशिबी येतं.