स्वागत समारंभ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्वागत समारंभ म्हणजे लग्न लागल्यानंतर वधू-वरांनी आणि दोन्ही घरांनी आप्तेष्टांना निवांत भेटण्यासाठी केलेला कार्यक्रम. महाराष्ट्रात तो बहुधा लग्नाच्याच दिवशी संध्याकाळी किंवा एक-दोन दिवसांनी मंगल कार्यालयात, हॉलमध्ये नाहीतर लॉनवर होतो. विवाहविधीत त्याला स्थान नाही. त्याला मुहूर्त लागत नाही आणि गुरुजीही लागत नाहीत. सकाळी नोंदणी पद्धतीने लग्न आणि संध्याकाळी पेढा, वेफर्स, आइस्क्रीम देऊन आटोपशीर रिसेप्शन, अशी शहरी मध्यमवर्गात एके काळी रीतच होती. पुढे जेवण आले, सजावट आली, डीजे आला. पसारा वाढला तशा काही समजुतीही पक्क्या झाल्या. खर्च अफाट होऊनही हॉल अर्धा रिकामा राहतो किंवा पाहुणे तासाभरात निघून जातात, त्याचे मूळ पुष्कळदा या समजुतींत असते.

रिसेप्शन झाले म्हणजे लग्न झाले

कायद्याच्या दृष्टीने रिसेप्शनला काहीही महत्त्व नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे वधू किंवा वर यांच्यापैकी एका पक्षाच्या रूढीनुसार विधी व्हावे लागतात. त्या विधींत सप्तपदी असेल, तर सातवे पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण होतो. विधीच झाले नसतील तर नुसती मेजवानी किंवा नुसते नोंदणी प्रमाणपत्र यांनी हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. विधी नको असतील त्यांच्यासाठी विशेष विवाह कायदा, १९५४ आहे. त्यात ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करायची असते. गोव्यात तर नागरी नोंदणी हा विवाहाचाच भाग आहे.

यातून एक मोठी सोय निघते. रिसेप्शन विधीला बांधलेले नसल्यामुळे त्याची तारीख आणि वेळ पाहुण्यांच्या सोयीने ठरवता येते. ही सोय फार थोडी घरे वापरतात.

जितक्या पत्रिका जास्त, तितकी माणसे जास्त

उपस्थिती पत्रिकांच्या संख्येवर कमी आणि तारखेवर जास्त अवलंबून असते. चातुर्मासात लग्ने थांबतात, तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि मोजक्या मुहूर्तांवर दाटतात. मोठ्या तिथीला एकेका घरात तीन-तीन, चार-चार आमंत्रणे येतात. माणूस त्यातले सर्वांत जवळचे निवडतो आणि उरलेल्या ठिकाणी पाकीट पाठवून देतो. लग्न त्या तिथीला लागले तरी रिसेप्शन पुढच्या शनिवारी किंवा रविवारी ठेवले, तर हीच माणसे येऊ शकतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. ज्या घरात परीक्षा देणारे मूल आहे, तिथून फार तर एकजण येतो.

परगावच्या पाहुण्यांचा हिशेब वेगळा. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. नागपूरहून पुण्याला किंवा मुंबईहून सावंतवाडीला येणाऱ्याला तारीख महिनाभर आधी कळली, तर सुट्टीच्या दिवसांत जागा मिळण्याची आशा थोडीच. पत्रिका छापून यायची वाट न पाहता तारीख तेवढी दोन महिन्यांपूर्वी फोनवर कळवणे, हा उपस्थिती वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

व्हॉट्सॲपच्या गटावर पत्रिकेचे चित्र टाकले की बोलावणे झाले, हाही असाच एक समज. आजही अनेक घरांत वडीलधारी मंडळी त्याला बोलावणे मानत नाहीत. अक्षत देऊन किंवा निदान फोन करून, ‘काका, तुम्ही यायचंच’ असे आई-वडिलांनी स्वतः सांगितले, तर त्याचे वजन निराळे असते. मित्रमैत्रिणींना वधू-वरांनी स्वतः सांगावे. गटातल्या चित्राला अंगठा दाखवणारा येईलच असे धरून ताटे सांगू नयेत.

ताटांचा अंदाज चुकतो तो ‘सहकुटुंब, सहपरिवार’ या शब्दांमुळेही. कुणी त्याचा अर्थ दोघे असा घेतो, कुणी सहाजण. केटररशी ‘इतकी ताटे नक्की’ असा आकडा ठरलेला असतो. माणसे कमी आली तरी त्या आकड्याचे पैसे द्यावे लागतात, आणि वाढली तर ऐनवेळी धावपळ होते. म्हणून फोनवरच ‘किती जण याल?’ असे विचारून वहीत नावापुढे लिहून ठेवावे. या प्रश्नाला पाहुणे रागावतात ही भीती बहुतेक वेळा निराधार असते. फोटोग्राफर, वादक, गाड्यांचे चालक आणि कार्यालयातली माणसे यांची ताटेही त्याच वहीत मोजावीत. ती विसरली तर रात्री अकरा वाजता याच माणसांवर उपाशी राहायची वेळ येते, आणि ते यजमानाला शोभत नाही.

यादी छोटी केली तर नाती तुटतात, या धास्तीची परीक्षा साथीच्या काळात झाली. मे २०२० मध्ये केंद्राने लग्नाला ५० पाहुण्यांची मर्यादा घातली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ती २५ माणसे आणि दोन तास इतकी खाली आली. ज्यांना बोलावता आले नाही त्यांना घरांनी फोन केले, पुढे सवडीने जेवायला बोलावले, आणि नाती टिकली. छोटी यादी नीट समजावून सांगितली तर माणसे ती समजून घेतात.

पाहुणे फक्त जेवायला येतात

लवकर निघून जाणाऱ्या पाहुण्याबद्दल असे बोलले जाते आणि ते अन्यायाचे आहे. तो भेटायला आलेला असतो; भेट होत नाही म्हणून जेवतो आणि जातो. साधा गुणाकार केला तरी हे दिसते. समजा ६०० पाहुणे आहेत आणि सरासरी तिघांचा एक गट स्टेजवर जातो. म्हणजे २०० गट झाले. पायऱ्या चढणे, नमस्कार, पाकीट देणे, ‘इकडे बघा’, फोटो, उतरणे, याला प्रत्येकी ४० सेकंद धरले तर ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तास लागतात. पत्रिकेवर ‘सायं. ७ ते १०’ छापलेले असते, पण मेकअप आणि बाहेरचे फोटो आटोपून वधू-वर साडेआठला स्टेजवर येतात. उरलेल्या दीड तासात ही रांग संपणेच शक्य नाही. सात वाजता वेळेवर आलेले लोक, म्हणजे बहुधा वयस्कर मंडळी आणि लहान मुलांचे आई-बाप, सर्वांत जास्त ताटकळतात.

याचे उपाय पैशाचे नाहीत. वधू-वरांचे फोटो रिसेप्शनच्या आधी दुपारीच उरकावेत आणि पत्रिकेवरच्या वेळेला त्यांनी हजर असावे. पहिला तास-सव्वा तास स्टेजवर रांग चालवावी, नंतर दोघांनी खाली उतरून खुर्च्या-खुर्च्यांपाशी जावे. आजोळची मंडळी, शाळेचे मित्र, ऑफिसमधले सहकारी, सोसायटीतले शेजारी यांचे गटाने फोटो घेतले तर ४० सेकंदांत दहा-बारा जणांचे काम होते. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्याकडे वधू-वरांनी आधी जावे. वाकून केलेल्या त्या नमस्काराची आठवण त्या घरात सजावटीपेक्षा जास्त दिवस निघते.

दोन्ही घरची दोन-दोन माणसे दाराशी उभी असणेही तितकेच महत्त्वाचे. व्याही आणि विहीणबाई स्टेजवर, मामा हिशेबात, करवली वधूच्या मागे, अशा वेळी आलेल्या पाहुण्याला ओळखणारे कुणीच दिसत नाही. त्याला हाक मारणारा, बसवणारा, दुसऱ्या घरच्या माणसाशी ओळख करून देणारा एखादा मावसभाऊ असेल, तर तो पाहुणा तासभर जास्त थांबतो.

गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नाच्या रिसेप्शनकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट कळते. तिथे सूत्रसंचालक असतो. जोडप्याचे आगमन, केक, टोस्ट, पहिले नृत्य हा क्रम ठरलेला असतो, आणि प्रत्येकाला पुढे काय आहे ते माहीत असते. म्हणून लोक थांबतात. मराठी रिसेप्शनला रांग असते, क्रम नसतो. तो उसना आणायची गरज नाही. आजीने नातवाबद्दल चार वाक्ये बोलणे, उखाणे, घरातल्याच कुणाचे गाणे किंवा मित्रांनी बसवलेला दहा मिनिटांचा कार्यक्रम ठरल्या वेळी ठेवला आणि तो सुरुवातीलाच जाहीर केला, तरी पुरते.

पदार्थ जास्त म्हणजे पाहुणचार मोठा

पदार्थ वीस असोत की दहा, माणूस खातो तेवढेच. यादी लांबली की केटररला प्रत्येक पदार्थ थोडा जास्तीचा करावा लागतो आणि उरते ते त्या जास्तीमुळे. पाहुण्याला जाणवते ती रांग. एका रांगेतून मिनिटाला चार माणसे ताट वाढून बाहेर पडतात असे धरले, तर ४०० जणांना एका रांगेत १०० मिनिटे लागतात, चार रांगांत २५. म्हणून पाच पदार्थ कमी करून तेच टेबल दुसऱ्यांदा मांडणे केव्हाही चांगले. डोशाचा तवा आणि पाणीपुरी ही अडण्याची हमखास ठिकाणे. ती मुख्य रांगेपासून दूर असावीत. बुफे आहे म्हणून खुर्च्या नकोत, हा समज सर्वांत वाईट. हातात ताट घेऊन सत्तरीचा माणूस उभ्याने जेवू शकत नाही. त्यांच्यासाठी एका बाजूला छोटी पंगत मांडून आग्रहाने वाढले, तर समारंभाची शोभाच वाढते.

उरलेले किंवा सकाळचे अन्न पुन्हा चांगले उकळले की निर्धोक होते, हा समज तर धोकादायक आहे. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले की त्यात जिवाणू वेगाने वाढतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू जे विष तयार करतो ते पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. भातात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियसच्या उलटी घडवणाऱ्या विषाचेही तसेच. बासुंदी, रबडी, खवा, पनीर हे पदार्थ म्हणूनच उन्हाळ्यात जोखमीचे. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहतील अशी सोय केटररकडे आहे का, हे चव पाहण्याच्या दिवशीच विचारावे. त्याच्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा परवाना किंवा नोंदणी असावी लागते आणि तो क्रमांक बिलावर छापलेला असला पाहिजे.

उरलेले अन्न वाटण्यासाठी २०१९ पासून स्वतंत्र नियमावली आहे, आणि २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या रॉबिन हूड आर्मीसारखे स्वयंसेवकांचे गट असे अन्न गरजूंपर्यंत नेतात. मात्र त्यांच्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवावे. ताटात पडलेले किंवा तासन्‌तास उघडे राहिलेले अन्न कुणालाही देऊ नये.

आवाज मोठा तरच मजा

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकाला बंदी आहे. सभागृह किंवा बँक्वेट हॉल अशा बंदिस्त जागेत, आतल्यांपुरता आवाज ठेवून, तो चालतो. उघड्या लॉनवर नाही. ‘आम्ही परवानगी काढली आहे’ हे उत्तर लॉनवर रात्री दहानंतर लागू पडत नाही. वर्षातून काही दिवस मध्यरात्रीपर्यंत मिळणारी सूट सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी असते, खासगी लग्नासाठी नव्हे. दहाच्या आधीही खासगी जागेच्या सीमेवर आवाज परिसराच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त जाता कामा नये. निवासी भागात ती मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आहे. कायदा बाजूला ठेवला तरी वर्षानुवर्षांनी भेटलेल्या दोन बहिणींना एकमेकींचे बोलणे ऐकू येत नसेल, तर समारंभाचा हेतूच बुडतो. जेवणाच्या वेळी हलकी सनई किंवा वाद्यसंगीत आणि नाचासाठी वेगळा, शक्यतो बंदिस्त कोपरा अशी विभागणी दोन्ही पिढ्यांना मानवते.

चित्रपटातली गाणी वाजवायला परवाना लागतो का, यावर हॉटेलांत अजून वाद होतात. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ मध्ये धार्मिक समारंभाला सूट आहे आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित इतर सामाजिक सोहळे त्यात येतात, असे कायद्याच्याच स्पष्टीकरणात म्हटले आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर सूचना काढून हे पुन्हा सांगितले. गोवा सरकारने त्याच धर्तीवर जानेवारी २०२४ मध्ये काढलेले परिपत्रक मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले. कायद्यातली सूट त्याने गेलेली नाही, पण हॉटेलाने परवान्याचा आग्रह धरला तर तो प्रश्न कुणी सोडवायचा, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी लेखी ठरवलेले बरे.

लग्नात रोख कितीही चालते

लग्नानिमित्त वधू-वरांना मिळालेल्या भेटींवर आयकर लागत नाही, हे खरे. ही सवलत लग्न करणाऱ्या दोघांनाच आहे. आई-वडिलांच्या नावे आलेली पाकिटे तीत मोडत नाहीत. शिवाय २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका प्रसंगानिमित्त २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारता येत नाही. केटरर, सजावटवाले, कार्यालय यांनाही हे लागू आहे. बिलाचे चार तुकडे करून चार दिवशी रोख दिले तरी प्रसंग एकच धरला जातो आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

‘कृपया आहेर आणू नये’ असे पत्रिकेवर छापले तरी काहीजण आणतातच. अशा भेटींची वही ठेवणे ही नुसती मानपानाची बाब नाही. न मागता दिलेली भेट हुंडा प्रतिबंधक कायदा, १९६१ नुसार हुंडा ठरत नाही, पण तिची यादी असावी लागते. १९८५ च्या नियमांप्रमाणे वधूची आणि वराची यादी वेगवेगळी करून प्रत्येकीत वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या असतात. रिसेप्शनच्या रात्री दाराशी वही घेऊन बसणाऱ्या मामाला हे रकाने आखून दिले, तर हे काम तिथल्या तिथे होते.