संशोधनाला पैसा कोण देतो?

(द्वितीय वर्ष कला)

संशोधक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. जाड भिंगांचा चष्मा, भोवती पुस्तकांचा ढीग आणि जेवणाखाण्याची शुद्ध नाही. या चित्रात खानावळीचे बिल मात्र कधीच नसते. वस्तुतः संशोधकही खोलीचे भाडे भरतो, एसटीने फिरतो, झेरॉक्सवाल्याकडे उधारी ठेवतो. माझा मामेभाऊ पीएच.डी. करतो आहे. गावात लोक मामाला विचारतात, "पोरगा अजून शिकतोच आहे ना? मग त्याला पैसे कशाचे मिळतात?" मामा म्हणतो, "सरकार देतं." एवढ्यावर विषय संपतो. पण सरकार म्हणजे नेमके कोण, ते का देते, आणि ज्याला हवे असेल त्याने मागायचे कसे, हे गावात कोणाला ठाऊक नाही. खरे सांगायचे तर आमच्या वर्गातही फारसे कोणाला ठाऊक नाही. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्यांना या गोष्टी कोणी जेवताना सहज सांगत नाही. म्हणून वाचनालयात बसून व सरांना विचारून जे कळले ते येथे मांडते.

प्रथम थोडे मागे जाऊ. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती व तिच्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. कोलंबिया विद्यापीठातील अभ्यासानंतर बाबासाहेब लंडनला गेले. तेथे प्रबंधाचे काम चालू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना काम अर्धवट सोडून परतावे लागले. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत दिली, एवढीच काय ती आशा. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत मिळाली, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये पुरा झाला. बुद्धी तीच, विषय तोच, ग्रंथालयही तेच. मधली तीन वर्षे गेली ती केवळ पैशापायी. मित्राने हात आखडता घेतला असता तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

त्या काळी पैसा देणारे म्हणजे संस्थानिक आणि श्रीमंत गृहस्थ. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचे ठरवले तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपये देण्याचे जाहीर केले. काम १९१९ साली सुरू झाले व १९६६ साली पुरे झाले, म्हणजे ४७ वर्षे लागली. प्रमुख संपादक वि. स. सुकथनकर १९४३ मध्ये वारले, पुढे इतरांनी ते तडीस नेले. आजच्या कोणत्याही अर्जात 'कालावधी : ४७ वर्षे' असे लिहून पाहावे! साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे हे वकील. त्यांच्या देणगीतून १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. संस्थेने आरंभीच्या काळात केलेल्या कामांपैकी एक होते पुण्यातील फळबाजाराची पाहणी. ती १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. फळे कोठून येतात, मध्ये दलाल किती, कोणाच्या पदरात काय पडते, असले साधे प्रश्न. केतकरांची तऱ्हा मात्र सर्वांहून न्यारी. ज्ञानकोशासाठी त्यांनी चक्क लिमिटेड कंपनी काढली व भागभांडवल उभे केले. विद्वान माणूस शेअर विकत गावोगाव फिरतो ही कल्पनाच मला फार आवडली.

स्वातंत्र्यानंतर दात्याची जागा सरकारी मंडळांनी घेतली. विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ साली सुरू झाला व १९५६ च्या कायद्याने त्याला कायमचे रूप आले. समाजशास्त्रांसाठी १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद निघाली. तिचे पहिले अध्यक्ष गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात परिषदेचे पश्चिम विभागाचे केंद्र आहे, त्या इमारतीला नाईकांचेच नाव आहे. इतिहासासाठी १९७२ पासून वेगळी परिषद आहे.

आता आपल्यासारख्यांसाठी वाटा कोणत्या? सर्वांत माहितीची म्हणजे नेट. एम.ए.नंतर ही परीक्षा देऊन वरच्या यादीत नाव आले की कनिष्ठ संशोधक अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळते. १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. शिवाय घरभाडे आणि पुस्तके, प्रवास इत्यादींसाठी सादिलवार खर्च वेगळा. मराठी विषयातही ती मिळते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या समाजगटांतील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. विज्ञानवाल्यांसाठी २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले आहे. पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे बोलणे आहे, त्यांतले बरेचसे खासगी क्षेत्राकडून यायचे आहेत. कलाशाखेच्या वाट्याला त्यातून काय येते ते दिसेलच.

परंतु अधिछात्रवृत्ती आणि प्रकल्प-अनुदान या दोन वस्तू वेगळ्या आहेत. अधिछात्रवृत्ती माणसाला मिळते, त्याच्या पोटासाठी. अनुदान मिळते ते कामाला, आणि त्यासाठी प्रस्ताव लिहावा लागतो. माझ्या मते आमची पिढी अडते ती येथे.

आम्ही लहानपणापासून अर्जच लिहीत आलो. शुल्कमाफीचा अर्ज, वसतिगृहाचा अर्ज, महाडीबीटीवरचा अर्ज. या सर्वांत एकच गोष्ट सिद्ध करायची असते : आम्हाला गरज आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्डाची प्रत. त्यामुळे 'अर्ज' म्हटले की हात आपोआप 'माझी घरची परिस्थिती बेताची असून' असे लिहू लागतो. संशोधनाच्या प्रस्तावात या वाक्याला काडीची किंमत नाही. तेथे गरज सिद्ध करायची ती प्रश्नाची. याला आमच्या घरातला जवळचा दाखला म्हणजे पीककर्ज. सोसायटीचा सचिव वडिलांना 'तुम्ही गरीब आहात का' असे विचारत नाही. किती गुंठे, कोणते पीक, पाणी कुठले, मागची बाकी किती, हे विचारतो. वडील तेथे मान खाली घालून बसत नाहीत, हिशेबाने बोलतात. प्रस्ताव लिहिणाऱ्याने नेमके तसे बसावे.

एक उदाहरण घेऊ. समजा मला आमच्या भागातील आठवडी बाजारावर काम करायचे आहे. 'ग्रामीण आठवडी बाजार : एक अभ्यास' असे शीर्षक दिले तर ते भारदस्त दिसेल, पण वाचणाऱ्या तज्ज्ञाला मी काय शोधणार हे कळणार नाही. आता असे लिहिले : बाजारात भाजी विकणाऱ्या बायका सकाळी माल उचलायला पैसे कोणाकडून घेतात, आणि संध्याकाळी त्यावर किती देतात? हा प्रश्न विचारता येतो, मोजता येतो, आणि त्याचे उत्तर आज माझ्यापाशी नाही. यानंतर आधी कोणी काय लिहिले आहे ते सांगायचे. मग पद्धत : तीन गावांचे बाजार, प्रत्येकी वीस बायका, एकूण साठ, पावसाळ्यापूर्वी चार फेऱ्या व नंतर चार, कारण भाजीचे भाव आणि उसनवारी दोन्ही पावसावर हलतात. 'साठच का?' याचे उत्तर प्रस्तावातच असले पाहिजे. शिवाय एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, की बाई गिऱ्हाईक सोडून माझ्याशी बोलली तर तिचा धंदा बुडतो. म्हणून जायचे ते दुपारी दोननंतर, गर्दी ओसरल्यावर. तिने नको म्हटले तर तेथेच थांबायचे. तिचे नाव लिहायचे नाही.

आणि मग अंदाजपत्रक. मला वाटत होते हा शेवटचा रुक्ष भाग असेल, पण सरांनी सांगितले की जाणते परीक्षक आधी तेच पान उघडतात. तीन गावांना आठ फेऱ्या म्हणजे चोवीस फेऱ्या. एका फेरीला प्रवास व चहापाणी १५० रुपये धरले तर ३,६०० होतात. (मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा मी गेले तर अनुदान देणाऱ्याचा फायदाच!) खरा खर्च पुढे लपलेला असतो. साठ मुलाखती, प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे तीस तासांचे ध्वनिमुद्रण. एक तासाचे बोलणे कागदावर उतरवायला सहा तास तरी लागतात, बाजारातला गलबला असेल तर जास्तच. म्हणजे १८० तास. तासाला १०० रुपये धरले तरी १८,००० झाले. छपाई, झेरॉक्स, वह्या यांना ३,०००. एकूण २४,६०० रुपये. नवखा माणूस हे लेखन धरतच नाही, आणि मग रात्री जागून स्वतः लिहीत बसतो. उलट 'किरकोळ खर्च १०,०००' अशी गोल रक्कम दिसली की परीक्षकाची भुवई वर जाते. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या कोणत्याही आईला हे शिकवावे लागणार नाही. आमच्याजवळ हे ज्ञान आहेच. ते प्रस्तावात चालते हेच आम्हाला कोणी सांगितलेले नसते.

मंजुरीनंतरचाही एक संसार असतो. पैसा सहसा संशोधकाच्या हाती न येता संस्थेच्या खात्यात येतो, हप्त्याहप्त्याने. पहिल्या हप्त्याचा हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याखेरीज दुसरा सुटत नाही. अधिछात्रवृत्तीचेही कागद असतातच. मामेभावाची रक्कम एकदा सात महिने अडली. कोणत्या टेबलावर अडली हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही. त्या सात महिन्यांत त्याने शिकवण्या घेतल्या, प्रबंधाचे प्रकरण तसेच पडून राहिले. ज्याच्या वडिलांचा महिन्याचा पगार ठरलेला आहे, त्याला सात महिने म्हणजे गैरसोय. ज्याचे वडील कांद्याच्या भावाकडे डोळे लावून बसलेले असतात, तो शिक्षण सोडतो. अधिछात्रवृत्तीची रक्कम वाढली की वृत्तपत्रांत बातमी येते. मला विचाराल तर रक्कम दोन हजारांनी कमी असली तरी चालेल, पण ती पाच तारखेला यावी.

मदत कोण करणार? मोठ्या संस्थांत यासाठी स्वतंत्र कचेऱ्या असतात. तेथे प्रस्तावाचा मसुदा वाचणारी, हिशेब तपासणारी, मुदतीची आठवण देणारी माणसे असतात. आयोगाने २०२२ मध्ये सर्व उच्च शिक्षण संस्थांना संशोधन व विकास कक्ष काढण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ एका दारावर पाटी असा झाला, असे ऐकते. भाषेची अडचण आणखी निराळी. बहुतेक प्रस्ताव इंग्रजीत लिहावे लागतात. ज्याला बाजारातल्या बायकांची बोली समजते त्याला ते इंग्रजी येत नाही, आणि ज्याला ते इंग्रजी येते तो बहुधा त्या बाजारात गेलेला नसतो. अशा वेळी एक जाणकार वाचक मिळाला तरी केवढा फरक पडतो.

एम.ए.पर्यंत थांबायचीही गरज नाही. राज्यातील विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा २००६ पासून आहे आणि तीत पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा गट असतो. भाषा आणि मानव्यविद्यांनाही जागा आहे. नव्या धोरणातील चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय घेता येतो. आमच्या वर्गाला हे ठरवायला दीड वर्षही उरलेले नाही.

आमच्या वाचनालयात जुन्या प्रश्नपत्रिकांची फाइल आहे. तिची पाने हाताळून हाताळून मऊ झाली आहेत. तिच्या शेजारी प्रस्तावांची एक फाइल ठेवावी, असे मी सरांना म्हटले. मंजूर झालेले ठेवावेत आणि नामंजूर झालेलेही, परीक्षकांच्या शेऱ्यांसकट. सर हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा एक जुना नामंजूर प्रस्ताव आणून दिला. समासात तीन ठिकाणी तांबड्या शाईच्या खुणा आहेत. दोन अंदाजपत्रकाच्या पानावर आणि एक नमुन्याच्या आकड्यापाशी. ग्रंथपालांनी त्याला क्रमांक १ दिला आहे.