अ‍ॅटनबरो : एका गावाचे आडनाव

‘गांधी’ (१९८२) चित्रपटाच्या दिग्दर्शकामुळे आपल्या परिचयाचे झालेले अ‍ॅटनबरो हे आडनाव खुद्द इंग्लंडात दुर्मीळच. नॉटिंगहॅमशायरमध्ये ट्रेंट नदीकाठी याच नावाचे गाव आहे, आडनाव तिथलेच. आपल्या ‘कर’ आडनावांसारखे, फक्त प्रत्ययाविना!

वाय गुणसूत्र आडनावाप्रमाणेच बापाकडून मुलाकडे जाते. हा धागा धरून लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग व मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. स्मिथांत विशेष साम्य आढळले नाही, कारण लोहार गावोगावी होते. अ‍ॅटनबरोंपैकी ७० टक्क्यांहून अधिकांचे गुणसूत्र मात्र जवळपास सारखे निघाले. म्हणजे बहुतेकांचा मूळपुरुष एकच. उरलेल्यांच्या वंशात कधीतरी दत्तकविधान, विवाहबाह्य संतती किंवा आईचे आडनाव आले असावे.