दहा मिनिटांचे अवधान

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागले की साधारण वीस किलोमीटरवर बिडकीन येते. कापूस, तूर आणि मोसंबीच्या या पट्ट्यात आता ऑरिक या औद्योगिक शहर प्रकल्पाची 7,855 एकरांची वसाहत उभी राहत आहे. 29 सप्टेंबर 2024 रोजी तिचे लोकार्पण झाले. कारखाना आला की पाळ्या येतात, आणि पाळ्यांबरोबर रात्रपाळीही येते. शेतात रात्री पाण्याला जाणारा माणूस जागरणाला नवखा नसतो. पण दारे धरणे वेगळे आणि पट्ट्यावरून सरकणाऱ्या एकसारख्या सुट्या भागांतला एक तडकलेला भाग पहाटे चार वाजता ओळखणे वेगळे. बिडकीनमध्ये पुढची कित्येक वर्षे जे विकत घेतले जाणार आहे, त्यात हे लक्ष मोठ्या प्रमाणावर असेल. ते मोजता येते का, आणि मोजले तर त्या आकड्याचे काय करायचे, यासाठी हा लेख.

या भागाला लक्षाची एक जुनी गोष्ट ठाऊक आहे. पैठणचे एकनाथ देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशेबाचे काम पाहत. एकदा एका पैची चूक राहिली. नाथ रात्रभर दिव्यापुढे वह्या तपासत बसले आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजवली, अशी कथा सांगतात. याच नाथांनी पुढे शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आणि ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागितले तेही अवधानच. गोदाकाठाला या शब्दाची किंमत सातशे वर्षांपासून माहीत आहे.

पण नाथांचे ते जागरण शोधाचे होते. चूक आहे हे पक्के ठाऊक होते, ती कुठे आहे एवढाच प्रश्न. कारखान्यातल्या तपासनिसाला, रडारसमोर बसलेल्याला, इंजिन चालवणाऱ्याला वेगळेच काम असते: जे बहुतेक वेळा घडतच नाही, त्याची वाट पाहायची आणि घडले की क्षणात ओळखायचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला हा प्रश्न पडला. चांगले शिकलेले रडारचालक पडद्यावरचा ठिपका का हुकवतात? नॉर्मन मॅकवर्थ यांनी आकडे नसलेले एक घड्याळ केले. त्याचा काटा ठरावीक टप्प्याने सरके आणि क्वचित कधीतरी एकदम दुप्पट उडी मारी. ती उडी दिसली की कळ दाबायची, असे दोन तास. 1948 साली त्यांनी निष्कर्ष छापले. पहिल्या अर्ध्या तासातच नजरेतून सुटणाऱ्या उड्या वाढलेल्या होत्या. ही माणसे कामचुकार नव्हती. एकसुरी पहाऱ्यात निरोगी, धडधाकट माणसाचेही असेच होते.

आज संगणकावर सर्वांत जास्त वापरली जाणारी जागरूकतेची चाचणी याहून साधी आहे. सायकोमोटर व्हिजिलन्स टेस्ट, म्हणजे पीव्हीटी. डेव्हिड डिंजेस आणि जॉन पॉवेल यांनी ती 1985 मध्ये मांडली. काळा पडदा, मधोमध एक रिकामी चौकट. दोन ते दहा सेकंदांत कधीही त्या चौकटीत आकडे धावू लागतात, एक हजारांश सेकंदाच्या हिशेबाने. दिसताक्षणी बटण दाबायचे. आकडा थिजतो: 243. पुन्हा चौकट रिकामी. पुन्हा वाट. दहा मिनिटे एवढेच. ताज्या माणसाचे आकडे बहुधा दोनशे ते तीनशेच्या आसपास राहतात. पाचशे ओलांडले की ती चूक धरतात, म्हणजे तेवढा वेळ माणूस तिथे नव्हता. झोप अपुरी असली की सरासरी थोडीच वाढते, पण मध्येच एखादा आकडा सातशे, नऊशे, कधी त्याहूनही पुढे जातो. डोळे उघडे असतात, बोट बटणावर असते, आणि मधले अर्धे-पाऊण सेकंद गायब. ताशी साठ किलोमीटरने धावणारी कंपनीची बस पाऊण सेकंदात साडेबारा मीटर पुढे गेलेली असते.

घरी करून पाहायचे असेल तर संगणकाचीही गरज नाही. तीस सेंटिमीटरची पट्टी दुसऱ्याला वरच्या टोकाशी उभी धरायला सांगा, शून्याच्या खुणेपाशी आपली दोन बोटे उघडी ठेवा, आणि न सांगता सुटलेली पट्टी पकडा. वीस सेंटिमीटरवर पकडलीत तर सुमारे 202 हजारांश सेकंद लागले. दिवाळीच्या सुटीत मुलांबरोबर एकदा सकाळी आणि एकदा रात्री उशिरा करून बघा.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो 2003 सालचा एक प्रयोग. हान्स व्हॅन डॉन्गन, डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 48 निरोगी माणसे घेतली. काहींना चौदा दिवस रोज आठ तास झोपू दिले, काहींना सहा, काहींना चारच. सहा किंवा त्याहून कमी तास झोपणाऱ्यांची कामगिरी दिवसागणिक उतरत गेली आणि शेवटी एक-दोन रात्री सलग जागलेल्या माणसाइतकी खाली आली. त्याहून वाईट म्हणजे त्यांना स्वतःला ते फारसे जाणवले नाही. झोप आल्याची तक्रार काही दिवसांत वाढायची थांबली. चुका वाढतच राहिल्या. ‘मला काही होत नाही, सवय आहे’ हे रात्रपाळीतले नेहमीचे वाक्य आहे. ते खोटे नसते. फक्त ज्या मेंदूने ते ठरवायचे, तोच मेंदू थकलेला असतो.

मराठवाड्यात याला आणखी एक बाजू आहे. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो, ते बहुधा भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा चाळिशीपार असतो. वीज गेली की पंखाही थांबतो. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजचे कामाचे तास नवावरून बारापर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची 48 तासांची मर्यादा कायम ठेवली. आठवड्याची बेरीज तीच राहिली तरी बाराव्या तासातले लक्ष आठव्या तासासारखे असणार नाही.

आता आकडा हाती आल्यावर त्याचे काय करायचे? 1796 साली ग्रीनिच वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मॅस्केलाइन यांनी डेव्हिड किनब्रुक या साहाय्यकाला काढून टाकले. तारा दुर्बिणीतली तार ओलांडतो तो क्षण किनब्रुक त्यांच्यापेक्षा सुमारे आठ दशांश सेकंद उशिरा नोंदवत असे. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी दाखवले की असा फरक नामवंत निरीक्षकांमध्येही असतो. किनब्रुकचा दोष नव्हता. लक्ष मोजण्याच्या इतिहासातला पहिला आकडा एका माणसाची नोकरी घेऊन गेला, हे विसरू नये.

आपल्याकडे रेल्वेत सहायक लोको पायलट व्हायचे तर संगणकावर अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. एकाग्रता, आकलनाचा वेग, स्मरण, खोलीचा अंदाज, सूचना पाळणे असे तिचे भाग; प्रत्येकात किमान 42 टी-स्कोअर (प्रमाणित गुण) हवा. आयटीआय झालेली मराठवाड्यातली मुले त्यासाठी महिनोन्‌महिने तयारी करतात. हजारो प्रवाशांचा जीव हाती असलेल्या कामाला चाळणी हवीच, आणि ती सर्वांना सारखी आहे, हे बरेच आहे. पण ही पद्धत कारखान्याच्या फाटकावर, कुठल्यातरी मोबाइल अ‍ॅपमधून आली तर मी तिच्या विरोधात आहे. नेहमीचा पडदा सेकंदाला साठ वेळा बदलतो, म्हणजे एका चित्राला जवळपास सतरा हजारांश सेकंद लागतात. स्वस्त मोबाइलचा स्पर्श ओळखायला आणखी कितीतरी. हा उशीर फोनचा, पण लागतो माणसाच्या नावावर. बेंगळुरूच्या निम्हान्सच्या मानसशास्त्रज्ञांनी 2004 च्या आपल्या चाचणीसंचात वय, शिक्षण आणि लिंगानुसार वेगळी प्रमाणे दिली, ती माणसामाणसांची तुलना फसवी ठरू नये म्हणून. 2018 मध्ये क्रेग हेज आणि सहकाऱ्यांनी तर दाखवले की प्रयोगशाळेत हमखास परिणाम दाखवणाऱ्या काही चाचण्या दोन माणसांतला फरक सांगायला कच्च्या ठरतात. त्याच माणसाला काही आठवड्यांनी पुन्हा बसवले की क्रम हलतो.

पण त्याच माणसाची आजची अवस्था त्याच्याच नेहमीच्या आकड्याशी ताडून पाहायला पीव्हीटी चांगली उपयोगी पडते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या अंतराळवीरांनी तिची तीन मिनिटांची आवृत्ती नेमकी याच कामासाठी वापरली. पहिल्या पाळीपेक्षा तिसऱ्या पाळीत चुका तिप्पट निघत असतील, तर बदलायचा असतो तो पाळीचा तक्ता. माणूस बदलून काही होणार नाही.

बिडकीनच्या बऱ्याचशा शेड अजून उभ्या राहायच्या आहेत. पाळ्यांचे तक्ते, विश्रांतीच्या खोल्या, कामगारांची घरे हे सगळे कागदावर आत्ताच ठरते आहे. तिथे येणाऱ्या उद्योजकांना आणि त्यांच्या मनुष्यबळ विभागांना एवढीच विनंती: ही चाचणी जरूर आणा, तिचा आकडा कामगाराच्या हातात द्या, त्याच्या फाइलमध्ये लावू नका; आणि पहिली दुरुस्ती रात्रपाळीच्या तासांत करा.