पहिलं घर नेमकं कोणाचं? ख्रिस्ती जोडपं, कर्ज आणि वारसा

आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर काही जणांनी आधीच विचारलं, की यात पडदे-भांडी-कपाटं येणार का. तीही येतील थोडी. पण आपण मुख्यतः बोलणार आहोत त्या कागदांबद्दल, जे कपाटात सगळ्यात वरच्या कप्प्यात जातात आणि पुढची वीस वर्षं कोणी उघडून बघत नाही.

वसईच्या पश्चिमेकडचं एखादं ख्रिस्ती जोडपं डोळ्यांपुढे आणा. दोघांचं वय सत्तावीस-अठ्ठावीस. लग्न होऊन सहा महिने झालेत. दोघं लोकलने नोकरीला जातात. स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर त्यांनी वन बीएचके घेतलाय. एका रविवारी फादर येतात, प्रार्थना होते, प्रत्येक खोलीत पवित्र पाणी शिंपडलं जातं. बाहेरच्या खोलीत येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर लागते, तिच्याखाली मेणबत्ती, बाजूला आजीने दिलेली जपमाळ. मग चहा, केक आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांची तीच ती चर्चा : गॅलरीला जाळी लावा, पाणी किती वेळ येतं, कपडे कुठे वाळत घालणार.

सगळे म्हणतात, "छान झालं हो, दोघांचं घर झालं."

आता आपला प्रश्न. घर खरंच दोघांचं झालं का?

आपल्याकडे समज असा, की लग्न झालं म्हणजे नवऱ्याचं ते बायकोचं. वेदीपुढे शब्दही त्याच अर्थाचे दिले-घेतले जातात. पण ख्रिस्ती लोकांना लागू असलेला भारतीय वारसा कायदा, 1925 सालचा, त्याचं कलम 20 उलटं सांगतं. केवळ लग्न केल्यामुळे कोणाला जोडीदाराच्या मालमत्तेत हक्क मिळत नाही आणि स्वतःच्या मालमत्तेवरचा हक्क जातही नाही. म्हणजे करारनाम्यावर ज्याचं नाव, घर त्याचं. बायकोच्या पैशाला यात एका अर्थी संरक्षणच आहे, हे आधी मान्य करू. अडचण होते ती कागद विचार न करता केला की.

विचार न करता कसा होतो? समजा फ्लॅट साठ लाखांचा. बारा लाख हातचे, अठ्ठेचाळीस लाख कर्ज. एकट्याच्या पगारावर एवढं कर्ज बसत नाही, म्हणून बँक सांगते, बायकोला सहकर्जदार करा. ती सह्या करते. पण करारनामा लग्नाच्या आधीच त्याच्या एकट्याच्या नावाने झालेला असतो. सहकर्जदार आणि सहमालक हे दोन वेगळे शब्द आहेत. तो हप्ता चुकला तर बँक पूर्ण रकमेसाठी तिच्या दारात येऊ शकते. मालकीच्या कागदावर मात्र ती पाहुणी. हे बहुतेक घरांत कुणाच्या लबाडीने होत नाही. घाई असते, लग्नाची खरेदी चाललेली असते, आणि एजंट म्हणतो, "मॅडम, फक्त इथे इथे सही."

आता अप्रिय भाग. दोघांपैकी एक जण अचानक गेला तर? रेल्वेने रोज प्रवास करणाऱ्यांसमोर हा प्रश्न मांडायला आम्हालाही बरं वाटत नाही, पण मांडतो.

घर त्याच्या एकट्याच्या नावावर आहे, मूल नाही, मृत्युपत्र नाही. तो गेला. कलम 33 प्रमाणे बायकोला मिळतं निम्मं. उरलेलं निम्मं, त्याचे वडील हयात असतील तर, कलम 42 प्रमाणे सगळं वडिलांना. आईला? वडील हयात असताना काही नाही. होय, 1925 च्या कायद्यात अजून असंच आहे. वडील आधीच गेलेले असतील तर ते निम्मं आई आणि त्याची भावंडं यांच्यात सारखं वाटलं जातं. म्हणजे जिने हप्ते भरले, ती त्या घराची अर्धी मालकीण, आणि उरलेल्या अर्ध्यात सासरे, किंवा सासूबाई, दीर आणि लग्न होऊन वसईबाहेर गेलेली नणंद. माणसं कितीही चांगली असोत, घर विकायचं झालं की सगळ्यांच्या सह्या लागतात.

मूल झालं की हिशोब बदलतो. बायकोला एक तृतीयांश, मुलांना मिळून दोन तृतीयांश. मुलगा-मुलगी सारखे. त्याच्या आईवडिलांना तेव्हा काहीच नाही, मग ती म्हातारी त्याच्या पगारावर जगत असली तरी. आणि मूल लहान असेल तर त्याच्या वाट्याला हात लावायला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. आई असली तरी.

हेच नियम बायको गेली तर नवऱ्याला लागू. म्हणून मुद्रांक शुल्कातली एक टक्का सवलत मिळावी यासाठी घर एकट्या बायकोच्या नावावर घेणाऱ्यांनीही हिशोब करावा. ती मूल नसताना गेली तर निम्मं तिच्या वडिलांकडे जाईल. एक टक्का वाचवताना हे कोणी सांगत नाही.

दोघांची नावं निम्मी-निम्मी असती तर? तिचा अर्धा हिस्सा मुळातच तिचा. त्याच्या अर्ध्यातला अर्धा वारसाने तिला. एकूण पाऊण घर तिचं, पाव सासऱ्यांचं. एका ओळीच्या फरकाने केवढा फरक पडला बघा. करारनाम्यात हिस्सा स्पष्ट लिहा, कारण लिहिला नाही तर पुढे कोणी किती पैसे घातले यावर वाद घालता येतो.

इथे सभागृहातून नेहमी येणारा प्रश्न : "पण सोसायटीत नॉमिनी म्हणून बायकोचं नाव दिलंय ना?" नॉमिनी म्हणजे मालक नाही. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनंतर तर हे स्वच्छ आहे, की वारस ठरेपर्यंत नॉमिनी तात्पुरता सभासद असतो. सोसायटीला पत्र कोणाच्या नावाने पाठवायचं, एवढा तो प्रश्न.

मग उपाय मृत्युपत्र. शब्द अपशकुनी वाटत असेल तर इच्छापत्र म्हणा. पण यात ख्रिस्ती जोडप्यांसाठी एक खड्डा आहे, आणि आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या. कलम 69. लग्न झालं की लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. हिंदूंच्या मृत्युपत्राला हा नियम नाही, तुम्हाला आहे. त्यामुळे शेजारच्या मित्राचं ऐकून चालू नका.

याचे परिणाम दोन बाजूंनी होतात. जहाजावर नोकरी करणाऱ्या मुलाने पंचविसाव्या वर्षी फ्लॅट घेतला आणि आईच्या नावाने मृत्युपत्र केलं. लग्न झालं त्या दिवशी ते कागद संपले. आई समजते आपलं नाव आहे, बायकोला काही माहीतच नाही. दुसरी बाजू जास्त चटका लावणारी. काही जोडपी फार नीट असतात. साखरपुडा झाला, घर बुक केलं, आणि एकमेकांच्या नावाने मृत्युपत्रं करून मोकळी झाली. मग चर्चमध्ये लग्न झालं. दोघांचीही मृत्युपत्रं रद्द! आपण तर तयारी केलेली आहे, या समजात ती पुढे जगतात. तेव्हा लग्नानंतर पुन्हा करा. तोच मजकूर, नवी तारीख, नवे साक्षीदार.

साक्षीदार दोन लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला, किंवा त्याच्या नवऱ्याला-बायकोला, साक्षीदार करू नका. तसं केलंत तर मृत्युपत्र टिकतं, पण त्या माणसाला दिलेलं बाद होतं. घरात बसून सासूबाईंची आणि मेहुण्याची सही घेण्याची सवय इथे महागात पडते.

आता फ्लॅट सोडून गावात येऊ. वसईत पुष्कळांचं पहिलं घर हे वडिलांच्या घरावर चढवलेला मजला असतं. केळीची वाडी, विहीर, खाली आईवडील, वर नवं जोडपं, बाहेरून जिना. जिन्याखाली स्कूटर. याहून चांगली सुरुवात नाही असं आम्हालाही वाटतं. नातवंडं खाली वाढतात, डबा वर जातो. पण जमीन वडिलांची आहे. ख्रिस्ती कुटुंबात जन्माने मिळणारा वडिलोपार्जित हिस्सा ही कल्पनाच नाही. वडील हयात आहेत तोवर घर पूर्ण त्यांचं, ते कोणालाही देऊ शकतात. आणि मृत्युपत्र न करता गेले तर आईला एक तृतीयांश, उरलेलं सगळ्या मुलामुलींत सारखं. वरच्या मजल्यावर तुमचे पंधरा लाख गेले, टाइल्स तुम्ही निवडल्यात, हे वारसा कायद्याला दिसत नाही.

मग भावाबहिणीत ताण येतो, आणि तो बहुधा मिस्सेनंतर चर्चच्या आवारात गावाला दिसतो. भाऊ म्हणतो, मी बांधलं. बहीण म्हणते, जमीन बाबांची. दोघंही खरं बोलत असतात. आणि बहिणीच्या बाजूने आम्हाला एवढं म्हणायचं आहे : या कायद्यात तिचा वाटा भावाएवढाच आहे, तो कोणी दिलेला प्रसाद नव्हे. केरळच्या जुन्या त्रावणकोर भागातल्या ख्रिस्ती मुलींना हा समान वाटा मिळायला मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, निकाल लागला 1986 साली. आपल्याकडे तो आधीपासून आहे, फक्त हक्कसोडपत्रावर सही घेऊन तो हळूच काढून घेतला जातो.

वरच्या मजल्याचं काय करायचं? विटा आणण्याआधी बोला. वडील तेवढ्या भागाचं नोंदणीकृत बक्षीसपत्र करू शकतात. मुलासाठी त्याचा खर्च खरेदीखतापेक्षा बराच कमी येतो. वडिलांना भीती असते, की दिल्यावर मुलगा विचारणार नाही. ती भीती खोटी नाही. सांभाळ करण्याची अट त्याच कागदात घाला. मुलाने ती मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली असं बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं.

शेवटी गोव्याकडे जाऊ, कारण आज ऑनलाइन ऐकणाऱ्यांत तिकडचे पुष्कळ आहेत आणि वसई-गोवा सोयरीकही होते. म्हापशाच्या जोडप्याच्या घरातही तीच तसबीर, तीच जपमाळ. कायदा मात्र वेगळा. तिथे पोर्तुगीज नागरी संहिता, मूळ 1867 ची. लग्न करताना आधी निबंधक कार्यालयात नोंद करतात, मग चर्च. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता एकत्र होते, आणि प्रत्येक जण निम्म्याचा मालक ठरतो, घर कोणाच्याही नावावर असो. एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय घर विकता येत नाही. नवरा गेला तर बायकोचं निम्मं हे वारसाने आलेलं नसतं, ते आधीचंच तिचं. वाटणी होते ती उरलेल्या निम्म्याची.

गंमत अशी, की वसईही पोर्तुगीजांचीच होती. पण ती 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी घेतली, संहिता आली त्याच्या सव्वाशे वर्षांनंतर. गोवा 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिला. चर्च दोन्हीकडे उरलं, पण ही संहिता फक्त तिकडे राहिली. म्हणून वसईच्या सुनेचा आणि म्हापशाच्या सुनेचा हक्क इतका निराळा. आणि मुंबईत घर घेणाऱ्या गोवेकरांनी लक्षात ठेवावं, सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलंय, की मूळ अधिवास गोव्याचा असेल तर गोव्याबाहेरच्या मालमत्तेचा वारसाही गोव्याच्याच कायद्याने ठरतो.

वेळ संपत आलीय, एक चिठ्ठी वाचतो. "मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं का? वकील, स्टॅम्प, नोंदणी हे सगळं लागतंच का?" साधा कागद चालतो. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, केलीत तर पुढे कामाला येते. स्वतःच्या हाताने मराठीत लिहा, दोन साक्षीदारांसमोर सही करा, त्यांच्याही सह्या घ्या, आणि कागद कुठे ठेवलाय ते जोडीदाराला सांगा. दुसरी चिठ्ठी : "आमचं लग्न मे महिन्यात आहे, आत्ताच करून ठेवू का?"

नको. जूनमध्ये करा.